केगला कान लावला तेव्हा

गॅसचा एक सिलिंडर मला तीन-चार महिने पुरतो. यंदा मार्चमध्ये तो आठ दिवसांत रिकामा झाला, तेव्हा मी दुकानदाराला मनातल्या मनात, शुद्ध मराठीत शिव्या घातल्या. दुसरा आणला. तोही पाच दिवसांत संपला, तेव्हा मुकाट्याने मान्य केलं की गळती आमच्याच केलरमध्ये आहे.

मी घरी बिअर करते. जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी करताना एका जर्मन सहकाऱ्याने नाद लावला आणि नंतर तो सुटला नाही. आमच्या इमारतीच्या तळघरात, म्हणजे केलरमध्ये, आमच्या वाट्याला एक छोटी खोली आहे. तिथल्या जुन्या फ्रिजमध्ये स्टीलचा एकोणीस लिटरचा केग, म्हणजे बिअरचं पिंप, असतो. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड त्यातल्या बिअरला ढकलतो आणि नळातून ग्लास भरतो. इतकं साधं प्रकरण. दिवसभर कारखान्यात इतरांच्या चुका शोधायच्या आणि घरची सापडू नये, याचा मला भयंकर राग आला होता.

सासरे, आमचे बाबा, तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस. सुनेचा हा उद्योग कळल्यावर काय म्हणतील, या धास्तीने मी पहिला आठवडा केलरची किल्ली लपवून ठेवली होती. शेवटी त्यांनी केग पाहिलाच. वाकून गेजवरचा काटा वाचला आणि एवढंच म्हणाले, “प्रेशर जास्त ठेवलंयस.”

चिंचवडच्या एका कारखान्यात त्यांचा जन्म मेंटेनन्समध्ये गेला. दाबाच्या हवेच्या पाइपलाइनी त्यांच्याकडे. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद झाली की हे पाइपांखालून हिंडत आणि हवा जिथून निसटत असेल तिथे खडूने फुली मारत. नुसत्या कानाने. ही गोष्ट त्यांच्याकडून मी निदान वीस वेळा ऐकली आहे, आणि आता त्यांना ती मोठ्याने सांगावी लागते, कारण त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना येत नाही. दाराची बेल त्यांना ऐकू येत नाही. फोनची रिंगही नाही. दोष मात्र आमचा. “जर्मन लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, आणि तुम्हीही आता तसंच बोलता.” नवऱ्याने कानाच्या तपासणीसाठी मंगळवारचा टर्मिन, म्हणजे डॉक्टरची वेळ, घेतला, तर म्हणाले, “रद्द कर.” त्याने तो अजून केला नव्हता.

हा काही नुसता हट्ट नव्हता. गेल्या वर्षी सासूबाई सकाळी बाथरूममध्ये कोसळल्या. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. अर्ध्या तासाने उठून बघायला गेले, तेव्हा सगळं संपलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकच वाक्य सांगितलं, “तिने हाक मारली नाही. मारली असती तर मला ऐकू आली असती.” कान बिघडलेत हे मान्य केलं की त्या वाक्यात काहीच उरत नव्हतं. आम्हाला सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

तिसरा सिलिंडर जोडला होता. त्या रविवारी दुपारी, गळतीच्या जागी बुडबुडे यावेत म्हणून मी वाटीत साबणाचं पाणी कालवून खाली निघाले, तर मागोमाग बाबाही आले.

“फेस लावतात हेल्पर लोक,” ते म्हणाले. “सरक बाजूला.”

गॅस कोंडू नये म्हणून मी खिडकी उघडली आणि दाराशी उभी राहिले. बाबा गुडघ्यांवर बसले, डोळे मिटले आणि सांध्यासांध्याला कान लावत गेले. रेग्युलेटर, नळी, मग केगचं झाकण. झाकणाशी बराच वेळ थांबले. तिथून सूं असा बारीक, स्पष्ट आवाज येत होता. मला दारातून ऐकू येत होता.

“टाइट आहे,” उठत ते म्हणाले. “गेज खराब असेल.”

एका चुकीच्या बोल्टसाठी मी साहेबाशी भांडलेली बाई. पण तेव्हा तोंडातून निघालं, “हो, बाबा.”

त्यांनाच राहवलं नाही. त्यांनी सिलिंडर बंद करायला लावला आणि आम्ही दोघं गेजकडे बघत बसलो. दहा मिनिटांत काटा सरळ खाली आला. गळती नसती तर तो हलला नसता. मग मी वाटी उचलली आणि झाकणाभोवती फेस लावला. पांढरे बुडबुडे भराभरा फुगले.

बाबांनी उरलेला गॅस सोडायला लावून झाकण काढलं, रबरी रिंगवरून अंगठा फिरवला आणि नाकाशी नेला.

“हे खोबरेल आहे?”

मी कबूल केलं. केग भरला त्या दिवशी रिंगला लावायचं सिलिकॉनचं ग्रीस संपलं होतं, तोही रविवार होता, दुकानं बंद. मग बाथरूममधली बाटली आणली. वरच्या उबदार स्वयंपाकघरात रिकाम्या केगची चाचणी घेतली, तेव्हा एक बुडबुडा आला नाही. नंतर खाली गारठ्यात बिअर भरायला झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं, तोवर तेल थिजून त्याचे खडे झाले होते. रिंग नीट बसलीच नव्हती.

बाबा हसत सुटले. “अगं इंजिनिअर बाई, थंडीत बाटली गरम पाण्यात ठेवल्याशिवाय तेल निघत नाही, हे विसरलीस? जर्मनीत इतकी वर्षं राहून?” मलाही हसू आवरेना. कितीतरी महिन्यांनी ते असे हसत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

रिंग पुसता पुसता ते थांबले.

“रेग्युलेटर सोडून सरळ झाकणालाच कसा फेस लावलास तू?”

मी वाटी खाली ठेवली.

“आवाज येत होता, बाबा,” मी मोठ्याने म्हणाले.

“कुठून?”

“मी दारात उभी होते, तिथून.”

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग हातातल्या झाकणाकडे. चार पावलांचं अंतर. बाटल्यांच्या रिकाम्या क्रेटवर ते हळूच बसले. मीही शेजारी बसले.

“मग तिने हाक मारली असेल का गं?”

नाही म्हणणं किती सोपं होतं. डॉक्टर म्हणाले होते, क्षणात गेल्या असतील. नवऱ्याने हेच सांगितलं होतं, नणंदेनेही. मी तोंड उघडलं, पण तासाभरापूर्वीचं “हो, बाबा” मला अजून टोचत होतं.

“मला माहीत नाही, बाबा.”

त्यांनी मान डोलावली. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही, वाहू दिलं. माझा हात घट्ट धरला.

“सगळे मला ‘नाही मारली’ असंच सांगतात,” ते म्हणाले. मग विचारलं, “मंगळवारी किती वाजता निघायचं?”