पुलावरचा पहिला माणूस

असाफाला आमच्या गावात कुणी शिव्या देत नाही. गरजच पडत नाही, स्वतःला कमी लेखायला तो एकटा पुरेसा आहे. रस्त्यानं चालला तर कडेकडेनं, गवतातून. नव्या वर्षाच्या जेवणाला बोलावलं तर दाराशी, जिथे चपला काढतात तिथे बसणार. वाढायला गेलं की म्हणणार, "आधी पोरांना होऊ दे, आक्का." अरे, पोरं जेवून नाचायला गेलीसुद्धा! मला अशा माणसाचा राग येतो. पण काढायचा कसा? तो आधीच अर्धा झालेला.

तरुणपणी हाच तीनतारी वाजवायचा. नव्या वर्षाला झाडाभोवती फेर धरला की हा पुढे आणि आम्हा लिसू लोकांचं अख्खं गाव त्याच्या मागे. मग अफू आली. तेव्हा सगळेच अफू लावत होते, पण बाकीचे विकायचे आणि हा ओढायचा. आधी खेचर गेलं, मग तीनतारी, आणि शेवटी बायकोच्या अंगरख्यावरची चांदीची बटणं, लेकीच्या लग्नासाठी राखलेली. बायको लेकीला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. खाली व्यसन सोडवायच्या छावणीत राहून त्यानं अफू सोडली, त्यालाही जमाना झाला. अफू सुटली, नाव सुटलं नाही. आजही कुणाचं कोंबडं हरवलं की माणसं त्याच्या झोपडीकडे बघतात. आणि गंमत म्हणजे तोही बघतो.

या थंडीत माझ्या भावजयीचा, सूमीचा, नातू फार आजारी पडला. जन्मल्यापासून किरकिर, अंगात ताप, प्यायलेलं दूध पोटात टिकेना. खालच्या दवाखान्यातल्या सुया झाल्या, औषधं झाली. पोराचा बाप शहरात कामाला, पोराची आई आलेमा रडून रडून वाळून गेलेली. शेवटी गावच्या म्हाताऱ्यानं कोंबडीची हाडं बघून सांगितलं, पोराचा जीव ओढ्यापलीकडे अडकलाय, पूल घाला.

पूल म्हणजे सोललेल्या लाकडांचा, पाऊलभर रुंद. त्यावरून जो पहिला पलीकडून येईल, तो पोराच्या जिवाला सोबत घेऊन येतो. तोच पोराचा धर्मबाप. तो मनगटाला दोरा बांधणार, तो नाव ठेवणार, आणि ते नाव पोरगं जन्मभर मिरवणार. घरच्यांनी झुडपाआड बसायचं. हाक मारायची नाही, अडवायचं नाही. जो येईल तो आपला.

पण सूमीनं आधीच हिशेब मांडलेला. गावच्या मुखियाकडे बँकॉकचा एक चष्मेवाला साहेब उतरला होता. धुक्याचे फोटो काढायला रोज सकाळी डोंगरावर जायचा आणि याच वाटेनं उतरायचा.

"असा धर्मबाप मिळाला तर पोराचं सोनं होईल," सूमी बांबूच्या बेटाआड माझ्या कानात कुजबुजली.

"वहिनी, जीव बोलवायला बसलीयस की सोयरीक जमवायला?"

"तू गप गं! तुझा नातू आहे का?"

आलेमा पोराला पाठीशी बांधून बसली होती. धुकं असं की समोरचा पूलही अर्धाच दिसत होता. पाहुण्यांना या धुक्याचं भारी कौतुक. आमची मिरची वाळत नाही ते कुणी बघत नाही.

पलीकडून पावलं वाजली. सूमीनं अंगरख्याला हात पुसले, चेहरा हसरा केला. धुक्यातून आधी लाकडांचा भारा दिसला, मग त्याखाली वाकलेला असाफा.

सूमीचं भान सुटलं. ती अर्धवट उठली आणि तिच्या तोंडून निघालं, "हाड्!"

अगदी तस्सं. कुत्रं चुलीत तोंड घालायला आल्यावर म्हणतो तसं.

असाफा थांबला. त्याचं एक पाऊल उचललेलं होतं, ते त्यानं मागे घेतलं. ताजी सोललेली लाकडं पाहिली, दोरा पाहिला, आम्हाला पाहिलं. सगळं कळलं त्याला.

"चुकलो वहिनी," तो म्हणाला. "धुक्यात दिसलं नाही बघ. नाही लागलं हं पाऊल, नाही लागलं."

आणि भारा घेऊन तो ओढ्यातच उतरला! त्या गारठ्यात, मांड्यांपर्यंत पाण्यात. मधल्या दगडावरून पाय सरकला, भारा सुटला, लाकडं वाहायला लागली. तो पाण्यात बसून ती गोळा करू लागला आणि तोंडानं एकच, "होतंय, होतंय, तुम्ही बसा." मला तोंड कुठे लपवू असं झालं.

नेमका तेव्हा साहेब आला. पुलापाशी थांबला, हसला, आणि त्यानं पाण्यात बसलेल्या असाफाचा फोटो काढला. मग पुलाकडे वळला.

आलेमा उठून आडवी उभी राहिली. "इथून नाही. खालून जा."

"आलेमा!" सूमी ओरडली. "अगं वेडी झालीस का?"

"वेडी मी? आई, तुम्ही कुणाला हाकललंत? पोराच्या जिवाला घेऊन येणाऱ्याला!" तिचा आवाज चिरकला. साहेबाला शब्द कळले नाहीत, पण रागरंग कळला. तो खालच्या वाटेनं निघून गेला. आलेमा ओढ्याकडे वळली. "काका, मागे फिरा. पुलावरून या."

"नको गं पोरी. माझ्या हातचं नाव? लोक हसतील त्याला."

"हसू देत. आधी त्याला जगू दे!"

तो हलेना. खाली मान घालून पाण्यात उभा, दात कडकड वाजतायत. मी सूमीला कोपरानं ढोसलं. "जा आता. तोंडानं हाकललंस, तोंडानं बोलाव."

सूमी काठावर गेली. माझ्या भावजयीनं कुणापुढे मान वाकवल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. "असाफा," ती म्हणाली, "माझी जीभ झडो. कसं बोलले मी तुला."

"त्याचं काही नाही वहिनी," तो म्हणाला, अगदी समजूत घातल्यासारखा. "मला सवय आहे."

आलेमानं पुन्हा पुलाकडे बोट दाखवलं.

शेवटी आला तो. पलीकडे गेला, अंगरखा पिळला, आणि पुलावरून सावकाश चालत आला. बोटं थंडीनं आखडलेली, दोऱ्याला गाठ बसेना. आलेमानं पोराचा हात त्याच्यापुढे धरून ठेवला, किती वेळ लागला तरी.

"नाव?" तिनं विचारलं.

त्यानं पोराकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "वूलो," तो हळूच म्हणाला.

"वा!" माझ्या तोंडून गेलं. खरंच चांगलं नाव होतं.

सूमीनं कोंबडीची तंगडी घालून त्याच्यापुढे वाडगा धरला. तो त्यानं घेतला नाही. ओला भारा खांद्यावर चढवला आणि म्हणाला, "एक कराल? मोठा झाल्यावर तो विचारेल, नाव कुणी ठेवलं. तर सांगा, धुकं होतं, माणूस कोण ते दिसलं नाही."

"असं कसं सांगू?" आलेमा म्हणाली.

पण ते ऐकून सूमीच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं दिसलं, क्षणभरच. मी ते पाहिलं, आलेमानं पाहिलं, आणि असाफानंही पाहिलं.