माझ्या वाट्याला दिल्ली आली

त्या दिवशी शाळेत वादविवादाच्या चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या वाट्याला दिल्ली आली. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवून तिचा कारभार दिल्लीने नेमलेल्या आयोगाकडे द्यावा का, असा विषय... आणि मला बोलायचं होतं ‘द्यावा’ म्हणून!

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची, कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी. राहायला मात्र गिरगावातल्या चाळीत, जिथे संयुक्त महाराष्ट्राशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. बाबा तर आठच दिवसांपूर्वी मोर्चात पोलिसांची लाठी खाऊन आलेले... उजवा हात गळ्यात अडकवलेला.

चिठ्ठी बदलून मागितली, पण टीचरनी मानेनेच नाही म्हटलं.

आईने कपाळावर हात मारला. “ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस बाई!” पण चाळीत गोष्ट लपते होय? शेजारच्या वत्सलाकाकू नळावरच ओरडल्या, “काय गं सुभेदारीण, आमचं पाणी आता दिल्लीहून सोडणार का?” सगळ्या हसल्या. मला रडू फुटलं... बाबा आता माझ्याशी बोलतील का, एवढंच डोक्यात होतं.

त्यांना कळलंच. संध्याकाळी त्यांनी भाषणाची वही मागितली. बाबा छापखान्यात प्रुफं तपासायचे. डाव्या हातात लाल पेन्सिल धरून, वाकड्यातिकड्या खुणा करत त्यांनी सगळं वाचलं... मी दाराला टेकून उभी.

“मिळमिळीत झालंय,” ते म्हणाले. “इथे सगळ्या भाषांचे लोक राहतात, बाहेरचा अधिकारी कुणाची बाजू घेणार नाही, असं दिल्लीवाल्यांचं म्हणणं आहे ना? मग ते आधी घे. ठासून बोल.”

“पण बाबा, तुम्ही तर...”

“मी माझं बोलतो. तू तुझं नीट बोल.” त्यांनी वही माझ्या हातात दिली. “फक्त एक. या आयोगाला निवडलं कुणी? नळ कोरडा पडला तर आज वत्सलाबाई नगरसेवकाला धारेवर धरतात, पुढच्या खेपेला मत देत नाहीत. उद्या कुणाला धरतील? उत्तर शोधून ठेव.”

दोन दिवस शोधलं. सापडलं नाही.

स्पर्धेत मी ठासून बोलले, टाळ्याही पडल्या. समोरच्या मुलीने तो प्रश्न विचारलाच नाही... गप्प खाली बसले असते, तर जिंकले असते. पण काय झालं कोण जाणे, एका गोष्टीचं उत्तर माझ्याकडे नाही, असं मीच म्हणाले आणि चाळीतल्या नळाची गोष्ट इंग्रजीत सांगून टाकली. हॉलमध्ये हशा पिकला.

बक्षीस समोरच्या मुलीला मिळालं.

घरी आले तेव्हा बाबा डाव्या हाताने कसाबसा भात कालवत होते. सगळं ऐकलं. “सांगून टाकलंस?” एवढंच म्हणाले आणि पुढचा घास माझ्या तोंडात भरवला. “अहो, डाव्या हाताने काय!” आई ओरडली... तोवर मी गिळलाही होता.

पुढे मुंबई महाराष्ट्रालाच मिळाली, तेव्हा बाबांनी चाळभर पेढे वाटले. मला मात्र ते आठवतात दुखरा हात गळ्यात अडकवून, डाव्या हाताने विरुद्ध बाजूची वाक्यं सुधारताना... मनात एवढा राग असूनही दुसऱ्याचं म्हणणं नीट मांडलं जावं असं वाटणारा माणूस मला बाप म्हणून लाभला, याहून जास्त काय मागू?