मधली तार

शिवी दिल्याशिवाय खवीसमामा कुणाचाही रेडिओ उघडत नसत. "कोनी हात लावला याला? त्याचं बोट तोडून आन, मंग बघतो." कामतघरच्या गल्लीत, यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण त्या नावाने हाक मारायची हिंमत कुणाची नव्हती.

नव्या वस्तूंशी त्यांचं उघड वैर. "नवा सेट मरतो. जुना आजारी पडतो. आजाऱ्याला औषध हाय." गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की ते सेट तसाच उघडा परत देत.

मी तेव्हा कामगारांच्या सभांची पत्रकं वाटत फिरायचो. मामा पत्रक शेवटपर्यंत वाचत आणि मग त्यावर डाळ-वडे ठेवत. "'तमाम कामगार' लिव्हलंस. तमाममंदी कोन कोन हाय, नावं सांग." मला राग यायचा. कारण आमच्या वस्तीत युनियन दोन होत्या, आणि दोन्हींची माणसं एका टपरीवर चहासुद्धा घेत नसत.

त्या वर्षी पलीकडच्या कारखान्याच्या मालकाने एका सकाळी गेटला कुलूप ठोकलं. आतले माग भंगारात जाणार होते. गेटवर सभा घ्यायची, कामगारांना तिथंच बसवायचं आणि भंगार न्यायला येणारा ट्रक अडवायचा, असं ठरलं. मालकांच्या धाकाने धामणकर नाक्यावरच्या एकाही मंडपवाल्याने स्पीकर दिला नाही. शेजारच्या मागांवर आवाज चढवील असा एकच अँप्लिफायर उरला होता, मामांचा जुना. आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर जळालेला.

त्या अँप्लिफायरला वीज दोन बाजूंनी लागायची, मधे एक सामाईक तार. मामांनी दोन्ही युनियनच्या पुढाऱ्यांना दुकानात बोलावलं. दोघांच्या छोट्या माइकसेटसाठी वीज देणारी एकेक पेटी होती, दोन्ही मामांनीच बांधलेल्या. त्या दोन्ही मिळून जळालेल्या ट्रान्सफॉर्मरचं काम भागवू शकत होत्या.

"दोन्ही पेट्या इथं ठेवा."

"आमची पेटी त्यांच्या सभेला?" एक म्हणाला.

"त्यांची आमच्या शेजारी नको," दुसरा म्हणाला.

"सोयरीक न्हाय जमवत मी!" मामा ओरडले. "याचं एक टोक, त्याचं एक टोक जोडनार. ती मधली तार कोनाच्या बापाची न्हाय. एकानं जरी पेटी काढली तर दुसरी स्पीकर जाळंल. चालू संगती, बंद संगती. कळलं का, सायबांनो?"

दोघांनी मान डोलावली. मामांनी दोन्ही पेट्यांना मिळून एकच बटण बसवलं.

सभा भरली. मामांचा आवाज मी पहिल्यांदा शिवीशिवाय ऐकला, माइकवर: "हॅलो, हॅलो." मागांचा खडखडाट त्याखाली दबला. गल्लीगल्लीतून माणसं आली, गेटसमोर मांडी घालून बसली. पहिल्या पुढाऱ्याने रान पेटवलं. दुसरा बोलायला उभा राहिला, टाळ्या जास्त पडल्या. तेव्हा पहिल्याच्या माणसाने मंचामागे जाऊन आपल्या पेटीचा प्लग उपटला. "आमच्या सायबांचं भाषण झालंय," म्हणाला.

धप्प! स्पीकरच्या कर्ण्यातून धूर आला. पुन्हा नुसते माग ऐकू येऊ लागले. दुसरा पुढारी ओठ हलवत राहिला. मागचे लोक उठले, मग मधले. दोन्ही पुढारी मंचावर एकमेकांची कॉलर धरून उभे होते, तोवर ट्रक आत शिरला. लोखंड भरून बाहेर पडला तेव्हा गेटसमोर मी होतो, सात-आठ जण होते आणि मामा. ड्रायव्हरने हॉर्नसुद्धा वाजवला नाही, बाजूने निघून गेला.

मामा त्या दिवशी कुणालाच शिवी देईनात. तेच भयंकर होतं. दोन्ही पेट्या आपापल्या घरी गेल्या. पुढच्या पावसाळ्याआधी दुकान बंद करून ते मुलीकडे गावी गेले, आणि तिथेच वारले. दुकान सोडताना दोन्ही पेट्यांचं ते एकच बटण माझ्या हातावर ठेवून म्हणाले होते, "याचा दोष न्हाय."

आजही मंचावरून कुणी 'एकजूट' म्हणून गरजला की मी टाळी वाजवत नाही. उठून मंचामागे जातो आणि बघतो, प्लगजवळ कोण उभं आहे.