कोकराचं हाड

जुळे सोलापुरातल्या त्या इमारतीत बिरुदेवला पगार मिळायचा गेट उघडण्याचा आणि पाण्याची मोटर लावण्याचा; मान मात्र मिळायचा तो हाडांचा. कुणाचा पाय मुरगळला, कुणाच्या खांद्यात लचक भरली, की जिन्यातून हाक यायची, "बिरुदेव, जरा वर ये की रे!" मग बिरुदेव हातातला पाइप टाकून, चेहऱ्यावर मोठ्या वैद्याचा भाव आणून, एकेक पायरी सावकाश चढायचा. घाई करणारा वैद्य कच्चा, असं त्याचं मत होतं.

सोसायटीचे चेअरमन श्रीशैलअण्णा तर त्याचे भक्तच. बाथरूममध्ये घसरून त्यांचं मनगट मुरगळलं होतं, ते बिरुदेवनं चोळून बसवलं. तेव्हापासून अण्णा भेटेल त्याच्यासमोर हात गोल गोल फिरवायचे. "बघा, बघा की! फिरतंय का नाही? एक्स-रे नाही, गोळी नाही, काय नाही! डॉक्टर लोकं नुसतं कापायलाच बघतात ओ!"

यावर बिरुदेव मान खाली घालून ठरलेलं वाक्य टाकायचा, "हाडाला फकस्त सरळ ठिवायचं, अण्णा. बाकीचं त्याचं त्ये बघतंय."

वाक्य त्याच्या बापाचं, हिंदुरावचं. विद्याही बापाचीच. सांगोल्याकडच्या माळांवर मेंढरं घेऊन फिरताना कोकराचा पाय मोडायचाच. कधी दगडात अडकून, कधी वाघरीत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीत, गुंतून. हिंदुराव कोकरू मांडीवर घ्यायचा, पाय ओढायचा, बोटांनी चाचपायचा, लोकर गुंडाळून वर बांबूच्या कामट्या आवळायचा. चार-दोन दिवसांनी सोडून, तेलानं चोळून, पुन्हा एकदा ओढायचा आणि पुन्हा बांधायचा. पहिली ओढ काय, कुणीबी ओढील; विद्या दुसऱ्या ओढीत हाय, असं तो म्हणायचा. कोकरू उड्या मारायला लागलं की कामट्या सुटल्या. पुढं चराईचे माळ आटले, मेंढरं विकली, बिरुदेव शहरात वॉचमन झाला. पण कामट्यांचं गाठोडं गेटशेजारच्या त्याच्या खोलीत खुंटीला लटकत राहिलं.

सोनाली, त्याची एकुलती एक लेक, चौथीत असताना शेजारच्या बांधकामावर विटांच्या थप्पीवरून पडली. डावा गुडघा कवठासारखा टरारला. बायको तानाबाई म्हणाली, "दवाखान्यात न्हेऊ चला."

"अगं, रोज पोरांची हाडं बसिवतोय मी, आन माझ्या पोरीला दवाखाना? लोकं काय म्हनतील?"

"लोकांची मुरगळल्याली असत्यात. ही पडलीया."

"मानसाचं हाड आन मेंढराचं हाड, येगळं असतंय व्हय? हाड त्ये हाड."

आणि त्यानं बांधलं. पहिल्या ओढीला सोनाली ओरडली. दुसऱ्या ओढीला तिनं जो सूर लावला, तो थेट चौथ्या मजल्यापर्यंत गेला आणि वरून कुणीतरी घाबरून टीव्ही बंद केला. तानाबाई पदर तोंडात कोंबून बाहेर मोटरीजवळ जाऊन उभी राहिली. पण महिना-दीड महिन्यात पोरगी चालायला लागली, पळायला लागली. अण्णांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं, "आपला वॉचमन म्हणजे ऑर्थोपेडिक आहे, ऑर्थोपेडिक!" टाळ्या पडल्या. बिरुदेवला वाटलं, बापानं हे बघायला पाहिजे होतं.

सातवीत गेल्यावर शाळेचा सलवार-कमीज आला आणि सलवारीचा डावा पाय जमिनीवर लोळायला लागला.

"शिंप्यानं वाकडी बेतली," बिरुदेव म्हणाला.

तानाबाईनं डावी बाजू दुमडून शिवली. पुढच्या वर्षीची सलवारही डावीकडंच लोळली. बिरुदेवनं शिंपी बदलला. नवा शिंपी टेप गळ्यात टाकून सोनालीभोवती फिरला, पुन्हा फिरला आणि म्हणाला, "मामा, कापड सरळ हाय. पोरीला जरा सरळ हुबी ऱ्हायला सांगा."

"सरळच हाय मी," सोनाली म्हणाली.

तिसऱ्या शिंप्याकडं जायला तानाबाईनं नकार दिला. भर रस्त्यात तिनं सोनालीला भिंतीला लावून उभं केलं, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि नवऱ्याकडं बघितलं. डावा गुडघा आत वळला होता आणि उजव्यापेक्षा खाली होता. बिरुदेवला ते गेलं वर्षभर दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच तर तो शिंपी बदलत होता.

मोठ्या सरकारी दवाखान्यात हाडांच्या ओपीडीत वैजयंतीमॅडम होत्या. बोलणं एक्स्प्रेस गाडीसारखं, मध्ये कुठं थांबा नाही. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला, सोनालीला चालायला लावलं, मग हाताच्या पंजाचाही एक्स-रे काढून आणायला लावला.

"आधी कुठं दाखवलं होतं?"

"म्याच बसिवलं," बिरुदेव म्हणाला. सवयीनं आवाजात थोडा रुबाब आलाच. "हाड एकदम जुडलं की वो मॅडम. पळत हुती."

"जुळलं ना. तेच तर झालंय, बाबा. जिथं जुळायला नको होतं, तिथं जुळलं."

मग त्यांनी सांगितलं. मुलांच्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पट्टा असतो. कूर्चा म्हणजे मऊ, कानाच्या वरच्या काठाला हाताला लागते तशी. हाड वाढतं ते त्या पट्ट्यातून. सोनालीचा तो पट्टाच फाटला होता आणि फाटक्या जागी हाडाचा पूल तयार झाला होता. बाहेरची बाजू बांधल्यासारखी झाली, आतली वाढत राहिली. म्हणून पाय आखूड आणि वाकडा.

बिरुदेवला ते पटेना. हाड म्हणजे काठी. काठीला कसला आलाय मऊ पट्टा? त्यानं एवढी हाडं हाताखालून घातली, कधी लागला नाही तो.

"मॅडम, दाखवा की आम्हाला तो पट्टा," सोनाली म्हणाली. तिला सगळं बघायचं असायचं.

"माझ्या गुडघ्यातला काढून दाखवू?" मॅडम पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी रुद्राणी नावाच्या शिकाऊ पोरीला सांगितलं, "यांना प्रॅक्टिकल हॉलमध्ये ने. ती स्लाइड लाव."

रुद्राणीच्या बोलण्यात दर वाक्याला 'ॲक्च्युअली' लागायचं, चहाला साखर लागावी तसं. जाताजाताच सोनालीनं ते उचललं आणि आईच्या कानात कुजबुजली, "ॲक्च्युअली आई, मला ॲक्च्युअली भूक लागलीय." तानाबाईनं तिला चिमटा काढला.

बिरुदेवला सूक्ष्मदर्शकात आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग रुद्राणीनं चाक फिरवलं आणि तो आणखी वाकला.

वर जांभळट माळ होता. त्यावर बारके ठिपके विस्कटून बसलेले, पहाटेची मेंढरं बसतात तसे. खाली तेच ठिपके चपटे होऊन एकामागं एक लागलेले. रांगाच रांगा. वाघर उघडल्यावर मेंढरं निघावीत तशा, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. आणखी खाली तेच फुगून टम्म झालेले. त्याच्याही खाली नुसत्या रिकाम्या खोल्या, आणि खोल्यांच्या भिंतींवर गुलाबी लिंपण.

"ही खालची अशी फुगली कशापायी?"

"त्या पेशी आहेत, काका. ॲक्च्युअली त्या मरायच्या आधी फुगतात. त्यांच्या भोवती चुना जमतो. मग त्यातल्या बहुतेक मरतात. मागून हाड करणाऱ्या पेशी येतात आणि त्याच उरलेल्या भिंतींवर हाड चढवतात. वरून नवीन पेशी रांगेत लागतच असतात, म्हणून आपण उंच होतो."

"म्हंजे ही मरत्यात तवा हाड हुतंय."

"हो, काका."

"आन रांगच मोडली तर?"

"मग मोडल्या जागी नुसतं घट्ट हाड होतं. तिथून पुढं काही वाढत नाही."

बिरुदेवनं डोळा काढला नाही. त्याला दुसरी ओढ आठवत होती. पट्टा पडल्यावर फाटला असेलही. पण चार-दोन दिवसांत बिचाऱ्या रांगा जरा कुठं लागत असतील, तेवढ्यात त्यानं तेल लावून, विद्या म्हणून, त्या पुन्हा उधळल्या.

"हे कुना पोराचं?" त्यानं विचारलं.

"नाही काका, हे ह्युमन नाहीये. कोकराचं आहे. सेमच असतं."

हाड त्ये हाड. तो स्टुलावर बसला. बापानं आणि त्यानं बांधलेली सगळी कोकरं त्याच्यासमोरून गेली, आणि त्यातलं एकही मोठं झालेलं त्याला आठवेना. मोडका पाय उड्या मारण्याइतका झाला की ते कोकरू सांगोल्याच्या बाजारात पहिलं जायचं. डाग असलेलं जनावर कोण ठेवतो? पाय आखूड व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. तेवढं त्यातलं कुणी जगलंच नव्हतं. पिढ्यान् पिढ्यांची ती विद्या कुणी पुरतं वाढून कधी तपासलीच नव्हती. वाढली ती एकटी सोनाली.

परत आल्यावर त्यानं एकच विचारलं, "मॅडम, त्यो पूल काढता न्हाय यायचा?"

"छोटा असता तर काढला असता. हा मोठा आहे. आणि पंजाच्या एक्स-रेवरून दिसतंय, हिची वाढ आता थोडीच राहिलीय. पण ती थोडी वाढही उजव्या पायात होणार आणि फरक वाढणार. म्हणून उजव्या गुडघ्याचा पट्टा बंद करायचा. डाव्याचा उरलेलाही बंद करायचा. वाकडेपणा नंतर हाड कापून सरळ करू."

"उजवा?" तानाबाई म्हणाली. "उजवा पाय चांगला हाय की वो."

"चांगलाच आहे. म्हणूनच थांबवायचा."

बिरुदेवनं विचारलं, "तवाच तुमच्याकडं आनली असती तर?"

त्याला वाटत होतं, मॅडम शिव्या देतील. शिव्या खायची तयारी करून तो बसला होता.

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "हा पट्टा असा फाटला की कधीकधी आम्ही नीट बसवूनही असंच होतं. कदाचित वाचला असता. कदाचित नसता."

हे सगळ्यात वाईट झालं. त्याला आता धड गुन्हेगारही होता येईना.

"आप्पा," सोनाली म्हणाली, "म्हणजे मी आईएवढीपण नाही व्हायची?" ती आईच्या खांद्याला लागत होती. खोखोच्या टीममधून तर तिला केव्हाच काढलं होतं. तिला वाटत होतं, उंच झाल्यावर परत घेतील.

मग तीच म्हणाली, "करा. लंगडीपेक्षा बुटकी बरी." आणि मॅडमच्या वेगात पुढं, "हे बंद करा, ते बंद करा, नेक्स्ट पेशंट!" मॅडमही हसल्या. बिरुदेव उठून बाहेर गेला आणि नळाखाली उगाच तोंड धूत राहिला.

ऑपरेशन झालं. सोनाली गेटशेजारच्या खोलीत बाजेवर पाय लांब करून बसलेली, दोन्ही गुडघ्यांना पांढऱ्या पट्ट्या. एके दिवशी संध्याकाळी श्रीशैलअण्णा नातवाला घेऊन खाली आले. शिवराज, पाच-सहा वर्षांचा, सुजलेलं कोपर पोटाशी धरून हुंदके देत होता.

"बिरुदेव, सायकलवरून पडला बघ हा. जरा ओढून बांध की."

"एक्स-रे काडा, अण्णा. दवाखान्यात न्या."

"आँ? अरे, एवढी हाडं तूच बसवलीस आणि आता हे? एवढं काय त्यात, मोडलं तर जुळतंयच की पोरांचं!"

"जुळतंय," बिरुदेव म्हणाला. "जुळतंय म्हनूनच न्या."

अण्णांना ते कळलं नाही. त्यांनी खुंटीवरच्या गाठोड्याकडं बोट केलं. "ते काय शोभेला ठेवलंयस?"

तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. जड, घोगरा, थोडा रुबाबाचा. डोळे मिटले तर बिरुदेवच बोलतोय असं वाटावं. सोनालीनं मान खाली घातली होती, एक हात छातीशी धरला होता, अगदी त्याच्यासारखा.

"हाडाला फकस्त सरळ ठिवायचं, अण्णा. बाकीचं त्याचं त्ये बघतंय."

अण्णा खो खो हसले. शिवराजही रडता रडता हसला. सोनालीनं बापाकडं बघितलं. तिला वाटलं होतं, तोही हसेल. तिनं ते त्याला हसवायलाच केलं होतं.

बिरुदेवनं हसल्यासारखं तोंड केलं. अण्णांना रिक्षा थांबवून दिली, पोराचं कोपर हलू नये म्हणून त्याच्या मांडीवर स्वतःची उशी ठेवली. परत आला तेव्हा सोनालीला डुलकी लागली होती. चादरीबाहेर तिची दोन्ही पावलं दिसत होती. डावं पाऊल उजव्याच्या दोन बोटं अलीकडं संपत होतं. आता ते अंतर वाढणार नव्हतं. एवढंच मिळवलं होतं सगळ्यांनी मिळून. त्यानं चादर दोन्ही पावलांवर सारखी ओढली आणि मोटर लावायची वेळ झाली म्हणून उठला.