मामाचं चित्र

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. कुणी विषय काढला की नेमकं मला गुरांना पाणी दाखवायचं असे. आता गुरं विकली, त्यामुळे सांगतो.

आमच्या गावाच्या पाठीला जंगल आहे. गावात वाघाला वाघ म्हणत नाहीत. नाव घेतलं की तो येतो, म्हणून सगळे मामा म्हणतात. बदली होऊन आलेला वनरक्षकसुद्धा महिनाभरात मामाच म्हणू लागतो.

शाळेत म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीचं शिबिर भरलं, तेव्हा मोठ्या भावाला घेऊन मी गेलो. भाऊ कडक. लग्नाच्या पंगतीतही मीठ वाढणाऱ्याची चूक काढायचा. मी जन्मभर चंद्रपूरला नोकरी करून म्हातारपणी गावी परतलेला, गप्पिष्ट, कामात कच्चा. तपासायला पुण्याकडची तरुण डॉक्टरीण होती. भावाने वार, महिना, उलटी उजळणी, सगळं बरोबर सांगितलं. वर, बाई, तुमचं घड्याळ मागं आहे, हेही सांगितलं. मग तिने वाघाचं चित्र पुढे केलं.

"हे कोण, आजोबा?"

"मामा."

"तुमचे मामा?"

"साऱ्या गावाचे."

"कुठे असतात?"

"जंगलात. परवा नाल्यापर्यंत येऊन गेले."

"कशाला आले होते?"

"बैल न्यायले. दुसऱ्या कशाले येतीन?"

तिने आवाज मऊ केला. "म्हणजे मामा अजून हयात आहेत?"

"आहेत ना. मामीबी आहे. औंदा तीन पिल्लं झाली तिले."

ती भराभर लिहू लागली. रांगेतलं कुणी हसलं नाही. त्यांना यात हसण्यासारखं काही दिसलंच नाही. दोन्ही बाजू कळत होत्या त्या एकट्या मला. एक वाक्य पुरलं असतं. पण जन्मभर माझ्या चुका काढणारा माणूस पहिल्यांदा नापास होत होता, आणि मला मजा येत होती.

माझी पाळी आली. मी मोठ्याने "वाघ" म्हणालो. मागची एक म्हातारी कानांवर हात ठेवून उठून गेली. वार मी चुकीचा सांगितला, पण इतका हसून की डॉक्टरीणबाईही हसल्या आणि पुढे गेल्या. शेवटी त्यांनी सगळ्यांना समजावलं : माणूस मोकळा, माणसांत मिसळणारा असला तर म्हातारपणी मेंदू टिकायला मदत होते, सतत चिडणाऱ्याला, काळजी करणाऱ्याला धोका जास्त. मोकळा माणूस म्हणून मला उभं केलं. टाळ्या पडल्या.

भावाच्या कागदावर विसरण्याचा आजार लिहून बाईंनी ते चित्र रोज विचारायला घरी दिलं, आणि त्याच्या सुनेने हे मनावर घेतलं. त्याचं बैलबंडी हाकणं बंद, शेतावर एकट्याने जाणं बंद. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. रोज चहाच्या आधी ती ते चित्र घेऊन उभी.

"मामाजी, हे कोन होय?"

"मामा."

"आन् तुमी कोन?"

"मीबी मामाच. तुहा."

ती डोळ्यांना पदर लावायची. मामा म्हणजे काय हे तिलाही ठाऊक होतं. पण एवढी शिकलेली डॉक्टरीण म्हणते, तर काहीतरी बिघडलं असणारच, असं तिला वाटे. एकदा तिने मला विचारलं, "काकाजी, तुमी होते ना तिथी? खरंच बिघडलं का हो मामाजीचं डोकं?"

"डॉक्टर खोटं कशाले बोलतीन?" मी म्हणालो.

भाऊ हळूहळू गप्प झाला. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट जेवायचा. सगळे म्हणाले, आजार वाढला.

एका दुपारी मी सगळं खरं सांगायचं ठरवून त्याच्याकडे गेलो. तो अंगणात बाजेवर बसला होता. मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाला, "कोन होय तू?"

खरंच विसरला होता, की टोमणा होता? त्याचा टोमणा मला नेहमी उशिराच कळायचा. मी सवयीने हसलो. "काई नाई, असाच बसायले आलो," म्हणालो, थोडा बसलो आणि परत आलो.

धानाच्या कापणीत तो गेला. मला म्हणायचं होतं ते एवढंच : भाऊ, तुहं डोकं चांगलं होतं. मले तवाच ठाऊक होतं. मले माफ कर.