भुंग्याची पाटी

माझे हात नेहमी शिवशिवतात, हे घरचे सगळे मान्य करतात. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मात्र या खोडीने वर्षच पणाला लावलं.

माझा प्रकल्प एका भुंग्यावरून सुचलेला. कोरड्या हवेत त्याची पाठ हिरवी, ओल लागली की काळी. तशीच पाटी बनवली. वीज नको, शाई नको, नुसतं पाणी शिंपडायचं. बारीक छिद्रांच्या पापुद्र्यात पाणी शिरलं की हिरवं काळं होई. मेणाने लिहिलेल्या जागी ते शिरत नसे, म्हणून अक्षरं हिरवीच राहत. वाळलं की सगळं गायब. अशा दोन पाट्या केल्या. एकीवर 'स्वागतम्'. दुसरीवर, नुसती चाचणी म्हणून, 'सर मिशीले कलप लावते'. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. डोकं पांढरं, मिशी काळीभोर. आता सांगा, कोणाला राहवेल?

परीक्षेच्या दिवशी लोणारहून येताना एसटीत 'स्वागतम्'वर कांद्याचं पोतं आदळलं. झालं कल्याण! मागच्या वर्षी मी याच विषयात नापास झालेली. पाटी नाही तर डिग्री नाही. उरलेली पाटी निमूट टेबलावर मांडली. कोपऱ्यावर एक थेंब टाकून निभावून नेऊ म्हटलं.

पण आमच्याकडे नारळ फोडल्याशिवाय नवं काही सुरू होत नाही, मग तो मिक्सर असो की ट्रॅक्टर. सरांनी नारळ फोडला आणि मी "सर, थांबा!" म्हणेपर्यंत त्याचं पाणी पाटीभर शिंपडलंसुद्धा.

सरांनी वाचलं. घाईघाईने रुमाल ओला करून पुसलं, तशी अक्षरं आणखी ठळक झाली.

"काय वं हे?"

"चाचणी होती, सर."

सरांनी हजेरीपट उचलला आणि वारा घालू लागले. मीही वहीने घालू लागले. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि मेलं हसूही आवरत नव्हतं.

पाटी वाळते न वाळते तोच बाहेरचे परीक्षक आले. मी कोपऱ्यावर थेंब सोडला. मसुराएवढा ठिपका काळा झाला.

"एवढंच? याला डिस्प्ले म्हणतात?" त्यांनी गुणपत्रिकेवर पेन टेकवलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, बाटली उचलली आणि पाटीवर सगळं पाणी ओतलं.

परीक्षकांनी वाचलं. मग सरांच्या मिशीकडे पाहिलं.

"हाव, लावतो," सर म्हणाले. "पण तिकून, दारातून वाचता येते का नाही, ते पाहा."