पुढच्याला विचार

यूनुसभाईंचा फोन आला तेव्हा मी चिकलठाण्याच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. एरवी ते फोन करतात ते शिलाईच्या दुकानातला कॉम्प्युटर अडला म्हणून. मी फोन कापला आणि थोड्या वेळानं करतो असा मेसेज टाकला. फोन लगेच पुन्हा वाजला. "सोयगाव," ते म्हणाले, "भाईजान गये." मग, मला नीट कळावं म्हणून असेल, मराठीत म्हणाले, "तुझे सर गेले रे... असरच्या, दुपार उतरतानाच्या नमाजनंतर नेणार. येशील ना?"

सोयगाव हे माझं नाव नाही, गाव आहे. मुश्ताक सर प्रत्येक विद्यार्थ्याला गावाच्या नावानं हाक मारत आणि त्यांचं ऐकून त्यांचे धाकटे भाऊ यूनुसभाईही तसंच म्हणत. एका बॅचला कन्नडचे दोघं आले, तेव्हा सरांनी एकाला कन्नड ठेवलं आणि दुसऱ्याला, तिथल्या घाटावरून, घाट. त्या दुपारी कब्रस्तानात अशी बरीच गावं जमली होती. मी तिथं पहिल्यांदाच गेलो होतो. माती देताना कसं उभं राहायचं, काय म्हणायचं, काही ठाऊक नव्हतं. पुढच्या माणसाकडं बघितलं आणि तो करत होता तसं केलं. घरी परतताना लक्षात आलं की हेही सरांनीच शिकवलेलं होतं.

सरांचा क्लास औरंगपुऱ्यात, पुस्तकांच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होता. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. पदवी हातात होती, पण कॉम्प्युटरपुढं बसलो की काही सुचत नव्हतं, आणि घरी तर विचारण्यासारखं कुणीच नव्हतं. वडील एवढंच म्हणायचे, "तुला कळतंय ना, मग झालं." मला कळत नाही हे त्यांना सांगायची हिंमत नव्हती. अशा वेळी कुणीतरी या क्लासचा पत्ता दिला. खोलीत एकामागं एक लाकडी बाकं, समोर भिंतीवर पडदा, आणि सगळ्यांच्या पुढं सरांची खुर्ची. ती आमच्याकडं वळलेली नसायची. सरही आमच्यासारखेच भिंतीकडं तोंड करून बसायचे. आम्हाला दिसायचा तो त्यांचा वाकलेला खांदा आणि पाठीमागची उशी. यूनुसभाईंनी दुकानातल्या चिंध्या जोडून शिवलेली.

पहिल्याच दिवशी मी उभा राहून म्हणालो, "सर, एक शंका होती."

मान न वळवता ते म्हणाले, "कोण?"

"मी... सोयगावचा."

"सोयगाव, पुढच्याला विचार."

"त्याला येत नसलं तर?"

"तो त्याच्या पुढच्याला विचारंल."

"आणि तुम्हालाच नाही आलं तर?"

मागची पोरं हसली. सर मात्र शांतपणे म्हणाले, "माझ्यापुढं भिंत हाय. मग म्हणायचं, माहीत नाही. करून बघू."

मला ते विचित्र वाटलं होतं. फी भरून शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय विचारायचं? पुढं काही आठवड्यांनी जावास्क्रिप्टमधल्या प्रोटोटाइपचा धडा आला तेव्हा उलगडा झाला. ज्यांचा या भाषेशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या भाषेत वस्तू असतात, त्यांना ऑब्जेक्ट म्हणतात. एखादा गुण मागितला की ऑब्जेक्ट आधी स्वतःपाशी शोधतो. नसला तर आपल्या पुढच्याला विचारतो. तो पुढचा म्हणजे त्याचा प्रोटोटाइप. त्याच्यापाशीही नसलं तर तो त्याच्या पुढच्याला विचारतो. असं करत साखळी संपते, पुढं काही उरत नाही, आणि मग भाषा न ओरडता, गुमान सांगते की असं काही सापडलं नाही. आम्ही ज्या बाकांवर रोज बसत होतो तीच ती साखळी होती.

ऑब्जेक्ट घडवतो तो कन्स्ट्रक्टर. तो समजावताना सर आपल्या वडिलांच्या शहागंजातल्या शिलाईच्या दुकानात शिरायचे, जे आता यूनुसभाई चालवतात. "गिऱ्हाईक आलं, टेप लावली, माप लिहिलं, की कन्स्ट्रक्टरचं काम झालं. माप ज्याचं त्याचं. शिवायची रीत मात्र सगळ्यांची एक, ती प्रोटोटाइपवर ठेवायची. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खिशात कशाला कोंबायची?" सराव म्हणून त्यांनी मला दुकानासाठी मापांचा प्रोग्राम करायला दिला. मी उत्साहात मापांची यादीच प्रोटोटाइपवर ठेवली. झालं असं की कुणाचंही माप टाकलं तरी ते त्या एकाच सामाईक यादीत जाऊन पडू लागलं. ईदच्या आधीची गर्दी होती. दुसऱ्या दिवशी यूनुसभाई जिना चढून थेट क्लासात आले. "भाईजान, तुमच्या शागिर्दानं आख्ख्या शहागंजला एकच कंबर दिली. खानसाहेबांच्या पायजम्यात खानसाहेब मावून वर त्यांचा साडू मावतोय." सर पहिल्यांदाच खुर्चीत वळून आमच्याकडं तोंड करून बसले आणि खोकला येईपर्यंत हसले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. सर म्हणाले, "बस खाली, सोयगाव. चूक बरी झाली. ज्याचं त्याच्यापाशी ठेवायचं ते तू वाटून टाकलंस. आता जन्मात विसरणार नाहीस." नाही विसरलो.

नोकरी लागल्यावर मी दर रविवारी क्लासात जाऊन मागच्या बाकावर बसू लागलो. ऑफिसात मी जपून 'इथे', 'तिथे' बोलायला शिकलो होतो. एकदा क्लासात आईचा फोन आला आणि मी "इथं हाय, क्लासात" असं म्हणालो. सरांनी तेवढंच धरून नव्या पोरांना समजावलं. "बघा. यानं ऑफिससाठी स्वतःचं नवं लिहून ठेवलंय. त्यानं घरून आलेलं पुसलं गेलं का? नाय. झाकलं गेलं फक्त. वरचं काढलं की खालचं जसंच्या तसं." आपल्या बोलण्याची लाज वाटून घेऊ नको, असं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. धडा शिकवता शिकवता ते होऊन गेलं.

मागच्या वर्षी सरांचं डायलिसिस सुरू झालं. क्लासचे वार बदलले, मग कमी झाले. तरी शेवटची बॅच त्यांनी घेतलीच. चाचींचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, विरोध होता. त्या मला म्हणाल्या, "तू तरी सांग त्यांना. माझं तर ऐकणं सोडलंय." मी सांगितलं नाही. सरांना काही सांगायचं असतं हे माझ्या मनातच कधी आलं नाही.

त्यांची माझी शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. हात सुजलेला, आवाज बारीक. तब्येतीचं त्यांनी बोलूच दिलं नाही. "कन्स्ट्रक्टर झालंय," ते म्हणाले, "प्रोटोटाइप राहिलंय. फुलंब्रीचा इंटरव्ह्यू आलाय. तिथं हेच विचारतात. बॅच अर्धी सोडू नको." फुलंब्री म्हणजे बॅचमधली एक मुलगी. तिच्याही घरात विचारण्यासारखं कुणी नव्हतं. मी हो म्हणालो. मग काहीतरी बरं बोलावं म्हणून म्हणालो, "सर, तुम्हीच तर आमचे प्रोटोटाइप." त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. "नाय रे. हे लई सोयीचं बोलणं झालं. प्रोटोटाइपला कवाही विचारा, तो असतो. माणूस नसतो..." चाची चहा घेऊन आल्या आणि बोलणं तिथंच थांबलं. त्यानंतरच्या रविवारच्या आतच सर गेले.

खोली महिनाअखेर रिकामी करून द्यायची होती. दफनानंतरच्या रविवारी मी धडा घ्यायला गेलो. जिन्यात चपला होत्या, म्हणजे मुलं आली होती. एरवीचा गलका नव्हता. मला सरांच्या खुर्चीत बसवेना. मी पुढच्या बाकावर, त्यांच्या खुर्चीच्या मागं बसलो आणि तिथूनच शिकवू लागलो. मापांच्या यादीची गोष्ट सांगितली. कुणी हसलं नाही. मलाही ती नीट सांगता येत नव्हती. मध्येच ती सोडून मी पडद्यावर काहीतरी टाइप करत राहायचो. ही बॅच अर्धीच राहणार, असं मला वाटू लागलं होतं.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून कुजबुज सुरू झाली. प्रश्न निघाला होता. तो एकेक बाक पुढं येत होता, प्रत्येक जण ऐकून नाही म्हणून मान हलवत होता. माझ्या मागं फुलंब्री होती. तिनं माझ्या खांद्याला बोट लावलं. "दादा, मागून विचारतायत. 'अ'चा पुढचा 'ब' केला आणि 'ब'चा पुढचा 'अ' केला, तर दोघं एकमेकांनाच विचारत बसतील का? मला नाही येत."

मलाही येत नव्हतं. इतकी वर्षं या भाषेत काम करतोय, पण हे कधी करूनच बघितलं नव्हतं. आणि मी काही न ठरवता पुढं वाकलो, हात लांब केला. बोटं उशीला लागली. चिंध्यांची शिवण लागली... मागं सगळे बघत होते. हात तसाच राहिला.

"माहीत नाही," मी भिंतीकडं बघत म्हणालो. "करून बघू."

करून बघितलं. भाषेनं नकार दिला. अशी गोल साखळी ती होऊच देत नाही. कुणाच्या तरी पुढं कुणीच नाही, असं तिला लागतंच. फुलंब्रीनं ते लिहून घेतलं. धडा त्या दिवशी संपला, पुढच्या दोन-तीन रविवारी बॅचही संपली. फुलंब्री इंटरव्ह्यू देऊन आली आहे, अजून काही कळलेलं नाही.

खोलीत आता मोबाइलच्या कव्हरांचं गोदाम आहे. बाकं विकली. खुर्चीला कुणी गिऱ्हाईक मिळालं नाही, तेव्हा चाची म्हणाल्या, "तू ने." ती माझ्या खोलीत, माझ्या टेबलाच्या पुढं, भिंतीकडं तोंड करून ठेवली आहे. खोली लहान आहे, येणारे-जाणारे अडखळतात, फिरवून ठेव म्हणतात. काम अडलं की अजूनही हात पुढं जातो. उशी लागते. थोडा वेळ तसाच बसतो, मग परत टाइप करायला लागतो.